ओंडका पायाने दाबू नका, घोडीत बसवा

बांधावरची बाभूळ वादळात पडली, तर सारीच सरपणात घालू नका. तिच्या सरळ ओंडक्यांतून कातारी तुम्हाला लाटणी करून देईल. मात्र ठोकळे पाडताना ओंडका पायाखाली दाबून किंवा पोराला धरायला लावून यांत्रिक करवत चालवू नका. गोल लाकूड घरंगळते. धावत्या पात्याचे टोक कशाला अडले, की करवत उसळून अंगावर येते.

त्यापेक्षा घरीच घोडी करा. जाड लाकडाच्या दोन फुल्या कमरेपेक्षा थोड्या खाली येतील अशा करून आडव्या पट्ट्यांनी जोडा. वरच्या खोबणीत ओंडका ठेवून दोराने आवळा. कापायचा भाग घोडीच्या बाहेर ठेवा. म्हणजे तुकडा सुटून खाली पडतो, पाते चिमटत नाही. कापाच्या रेषेजवळ खिळा नको.

ठोकळा उभा चिरायचा तर जाड फळीवर दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकून पक्का करा. चीर गाभ्यातून घ्या; गाभा राहिला, तर वाळताना लाकूड तडकते. टोकांना लगेच मेण लावा.

डोळ्यांना चष्मा, पायांत जाड बूट आणि दोन्ही हात मुठींवर हवेत. घोडी एका दुपारी होते. गेलेला पाय परत येत नाही.