एका फाइलमध्ये चूक आढळली

पेन ड्राइव्हवरून उबुंटू सुरू केलं की डेस्कटॉप येण्याआधी पडद्यावर एक बारीक ओळ दिसू लागते. फायली तपासणं चालू आहे, इतके टक्के झाले, थांबवायचं असेल तर कंट्रोल आणि सी दाबा. घाईतला माणूस ती दोन बटणं दाबून मोकळा होतो. जो थांबतो, त्याला कधीकधी उत्तर मिळतं: एका फाइलमध्ये चूक आढळली, पुढे अडचणी येऊ शकतात. एवढं सांगून यंत्र थांबत मात्र नाही. थोड्या वेळात डेस्कटॉप उघडतो, इन्स्टॉलचं चिन्ह समोर येतं, सगळं ठीकठाक दिसतं. खरा घोळ इथून सुरू होतो.

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातलं आसगाव हे धानाच्या पट्ट्यातलं गाव. इथे दुरुस्तीच्या टेबलावर येणारे बरेच लॅपटॉप बिघडलेले नसतात, फक्त जुने झालेले असतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची साथ थांबवली, आणि विंडोज ११ ला लागणारा नवा प्रोसेसर किंवा टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप या यंत्रांत नसते. ज्याला परीक्षेचे अर्ज भरायचे, थोडं टायपिंग करायचं, व्हिडिओ पाहायचे, त्याने केवळ यासाठी नवा लॅपटॉप घ्यावा असं कुणी प्रामाणिकपणे सांगणार नाही. म्हणून मग लिनक्स. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची, डेबियनवर बेतलेली ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स २००७ पासून उपलब्ध आहे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही ऐकायला मिळतात. टेबलावर मात्र उबुंटू आणि मिंटलाच मागणी जास्त.

“पुढं जाऊ द्या ना भाऊ, चालू तर होऊन राहिलं,” ग्राहक म्हणतो. टेबलामागचा तरुण मान हलवतो. “आता होईल जी, पण मग महिनाभरानं तुम्हीच परत घेऊन याल.” त्याचं म्हणणं खरं आहे, आणि ते का खरं आहे हे समजून घ्यायला ती तपासणी नेमकं काय करते ते पाहावं लागतं.

इन्स्टॉलच्या माध्यमावर एक साधी मजकुराची यादी असते. त्यात प्रत्येक फाइलचं नाव आणि तिचा एमडी५ चेकसम, म्हणजे त्या फाइलच्या सगळ्या बाइट्सवरून काढलेला बत्तीस अक्षर-अंकांचा आकडा. धान घेताना व्यापारी पोत्यात सळई खुपसून मूठभर दाणे काढतो आणि त्यावरून अख्ख्या पोत्याचा अंदाज बांधतो. चेकसममध्ये असा नमुना नसतो, दाणा न् दाणा मोजला जातो. एक बिट बदलला तरी आकडा पार वेगळा येतो. यादीत नसलेली फाइल मात्र तपासलीच जात नाही. त्यामुळे विंडोजने पेन ड्राइव्हवर आपलं एखादं फोल्डर टाकून ठेवलं, तरी ही चूक त्यामुळे येत नाही.

‘एक फाइल’ हे शब्द ऐकायला किरकोळ वाटतात. पण या माध्यमावरचा बहुतांश भाग स्क्वॅशएफएस या दाबून बसवलेल्या मोठ्या फायलींनी व्यापलेला असतो. पूर्ण प्रणालीच त्यांत असते. त्यातला एक ब्लॉक बिघडला तरी संदेशात आकडा एकच येणार. तो ब्लॉक कधीच न लागणाऱ्या भाषेच्या फायलींचा असेल तर काही बिघडणार नाही. कर्नलच्या एखाद्या भागाचा असेल तर इन्स्टॉल मध्येच आडवं होईल. आणि सगळ्यात वाईट म्हणजे इन्स्टॉल पूर्ण होईल, लॅपटॉप घरी जाईल, आणि वाय-फाय किंवा प्रिंटर कधीतरी रुसेल. त्या वेळी पेन ड्राइव्हची आठवण कुणालाही होणार नाही.

म्हणून तो तरुण आधी नाव शोधतो. डेस्कटॉप उघडला की टर्मिनलमध्ये माध्यमाच्या फोल्डरात जाऊन तीच यादी पुन्हा तपासायला लावतो. फायलींची नावं झरझर खाली सरकतात, प्रत्येकीपुढे ‘ओके’. मधेच एका नावापुढे ‘फेल्ड’. तो ते नाव कागदावर लिहून घेतो, मशीन बंद करून पुन्हा सुरू करतो आणि तपासणी पुन्हा लावतो. या दुसऱ्या फेरीला फार महत्त्व आहे. दोन्ही वेळा तीच फाइल सापडली, तर दोष डाउनलोडमध्ये किंवा पेन ड्राइव्हवर. दर वेळी वेगळं नाव आलं, तर फायली बहुधा चांगल्या आहेत आणि वाचणारं यंत्रच चुकतंय: रॅम, पोर्ट किंवा वायर.

नाव तेच आलं की पहिला संशय डाउनलोडवर. उबुंटू प्रत्येक आयएसओ फाइलसोबत, म्हणजे डाउनलोड होणाऱ्या इन्स्टॉलच्या अख्ख्या फाइलसोबत, तिचा एसएचए-२५६ आकडा जाहीर करतं, चौसष्ट अक्षर-अंकांचा. लिनक्सवर त्यासाठी तयार आज्ञा आहे. विंडोजमध्येही ‘सर्टयूटिल’ हे साधन आधीपासून असतं, वेगळं काही उतरवावं लागत नाही. दोन्ही आकडे शेजारी ठेवून तो पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं जुळवतो. अपघाती बिघाड ओळखायला तेवढं बहुतेक वेळा पुरतं. तरी कुणाला शिकवताना तो पूर्ण ओळ जुळवायला लावतो, आणि ते बरोबरच आहे. अर्धवट जुळवणीची सवय एकदा लागली की सुटत नाही.

आकडा जुळला नाही तर सरळ पुन्हा डाउनलोड करा, हा सल्ला शहरात बसून द्यायला सोपा आहे. उबुंटू २४.०४ ची डेस्कटॉप आयएसओ साडेपाच जीबीहून मोठी आहे. मोबाइलच्या रोज दीड-दोन जीबीच्या पॅकवर ती कित्येक रात्री चालते, आणि नेट तुटून पुन्हा जोडलं गेलं की फाइल बिघडायचा धोका तिथेच असतो. इथे टॉरेंट कामी येतो. चित्रपटांच्या चोरीमुळे या शब्दाला बदनामी चिकटली, पण उबुंटू स्वतःच अधिकृत टॉरेंट देतं. त्यात फाइलचे छोटे छोटे तुकडे पाडलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याची स्वतंत्र तपासणी होते. बिघडलेली आयएसओ त्याच नावाने टॉरेंटच्या फोल्डरात ठेवायची आणि प्रोग्रामला पुन्हा तपासणी करायला सांगायचं. तो आधी आहे ते सगळं वाचतो, चांगले तुकडे ठेवतो आणि फक्त खराब तुकडे नव्याने आणतो. साडेपाच जीबींऐवजी काही एमबींत काम होतं. ही युक्ती गावोगावच्या दुरुस्तीवाल्यांपर्यंत पोचायला हवी, कारण पॅकचे पैसे ग्राहकाच्याच खिशातून जातात.

आयएसओ निर्दोष ठरली की पेन ड्राइव्ह. इथे तीन वेगवेगळे दोष एकाच रूपात समोर येतात. पहिला घाईचा: पट्टी शंभर टक्क्यांवर गेली तरी शेवटचा डेटा संगणकाच्या मेमरीतच असू शकतो. ‘इजेक्ट’ न करता ड्राइव्ह उपटला की शेपूट अर्धवट राहतं. दुसरा साधनाचा: रूफस ‘आयएसओ’ पद्धतीने लिहितो तेव्हा फायली सुट्या करून मांडतो आणि बूटसाठी एखादी सेटिंगची फाइल बदलूही शकतो. चुकलेलं नाव अशाच छोट्या बूट-फाइलचं असेल, तर तोच ड्राइव्ह ‘डीडी’ पद्धतीने, जशाच्या तसा लिहून पाहायचा.

तिसरा दोष फसवणुकीचा. पाकिटावर मोठा आकडा छापलेला असतो, आत चिप छोटी आणि कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं. कॉपी करताना काही कळत नाही. खरी जागा संपली की पुढचा डेटा हवेत जातो किंवा आधीच्यावर लिहिला जातो. असे ड्राइव्ह पकडायला ‘एफ३’ हे मुक्त साधन आहे, विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’. दोन्ही ड्राइव्ह ठरावीक डेटाने गच्च भरतात आणि मग पुन्हा वाचून पडताळतात. स्वस्तातला ड्राइव्ह या परीक्षेत नापास झाला तर त्याला फॉरमॅट मारून काही उपयोग नाही. तो कचऱ्यातच जायला हवा, नाहीतर उद्या त्यावर कुणाच्या लग्नाचे फोटो जातील.

एक बारकावा तो तरुण आवर्जून पाळतो. ड्राइव्ह लिहून झाला की लगेच तपासत नाही; काढतो, पुन्हा लावतो, मगच वाचतो. नाहीतर संगणक मेमरीतली ताजी प्रत वाचून सगळं बरोबर असल्याचं सांगू शकतो.

दर फेरीला नाव बदलत असेल तर वाट वेगळी. डेस्कटॉप संगणक असेल तर आधी पुढच्या पोर्टमधून ड्राइव्ह काढून मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टमध्ये लावायचा. हब असेल तर काढून टाकायचा. तेवढ्याने भागलं नाही तर मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासण्याचं साधन. ते रात्रभर चालवावं लागतं. पडद्यावर एक जरी लाल ओळ आली, तर लिनक्सचा विषय बाजूला ठेवून रॅम काढायची, संपर्काचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसायचे, एकेक पट्टी लावून पुन्हा चाचणी घ्यायची. हीच रॅम विंडोजमध्येही चुकत होती, फक्त तिथे तिला पकडणारं कुणी नव्हतं.

या सगळ्या तपासणीला एक मर्यादा आहे. २० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि १७.३ सिनॅमनच्या डाउनलोडचा दुवा मागचं दार बसवलेल्या आयएसओकडे वळवला गेला. अशा फाइलच्या आतल्या यादीतले आकडे घुसखोर हवे तसे बदलू शकतो, मग सुरुवातीची तपासणी हसतमुखाने पास होते. शिवाय एमडी५ अपघात पकडायला चांगला असला तरी २००४ पासून तो मुद्दाम केलेल्या बनावटीपुढे टिकत नाही हे माहीत आहे. त्यासाठीच एसएचए-२५६ च्या यादीवर जीपीजी ही डिजिटल स्वाक्षरी असते. दुरुस्तीच्या टेबलावर ती प्रत्येक वेळी तपासली जाणार नाही. निदान फाइल मूळ प्रकल्पाच्याच ठिकाणाहून यावी, कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवरून फिरत आलेली नसावी, एवढा आग्रह हवाच.

आसगावच्या त्या टेबलाच्या संगणकात आता तपासलेल्या आयएसओ फायलींचं एक फोल्डर आहे, आणि प्रत्येक फाइलच्या शेजारी तिच्याच आवृत्तीचा आकडा मजकुराच्या फाइलमध्ये ठेवलेला आहे. आवृत्ती नेमकी लिहिणं महत्त्वाचं, कारण २४.०४.१ आणि २४.०४.२ यांचे आकडे पूर्णपणे वेगळे असतात, आणि चुकीच्या ओळीशी जुळवून चांगली फाइल खराब ठरवण्याचे प्रकारही घडतात. नवा पेन ड्राइव्ह आला की तो आधी ‘एफ३’मधून जातो, मग या फोल्डरातून लिहिला जातो. ग्राहकाला तेवढा वेळ थांबावं लागतं.