रानकोंबड्याचं पीस आणि एकावेळी एकच बदल

सिद्धगडाचं जंगल भीमाशंकर अभयारण्यात येतं. इथल्या राखी रानकोंबड्याच्या (नराच्या) मानेवरच्या पिसांवर मेणासारखे चकचकीत पांढरे-पिवळे ठिपके असतात. सॅल्मनच्या गळावर पिसं-दोरा गुंडाळून नकली माशी बांधतात ना, तिच्या बाजूला ‘डोळा’ म्हणून हेच पीस लावायची जुनी पद्धत.

आता विचार करा: मासा रंगाला फसतो की चमकेला? पीस बदललं की रंग, चमक, पाण्यातली हालचाल, सगळं एकदम बदलतं. म्हणून ‘कोणतं पीस चांगलं?’ हा संशोधनाचा प्रश्नच नव्हे. आधी मटेरियल तेच ठेवून रंग बदला. मग रंग तोच ठेवून मटेरियल. खोलीही नोंदवा. स्वच्छ पाण्यात लाल प्रकाश सर्वात आधी शोषला जातो, त्यामुळे खोलवर लाल माशी काळपट दिसते.

उत्तर ‘चमक’ आलं, तर रंगवलेलं प्लास्टिकही चालेल. याच पिसांसाठी एकेकाळी पक्षी मारले जायचे. १९०२ मध्ये पिसांच्या निर्यातीवर बंदी आली, १९७२ च्या कायद्याने शिकारीवर. प्रश्न नीट मांडला, तर पक्षीही वाचतो. आणि हो, अभयारण्यात गळून पडलेलं पीसही परवानगीशिवाय उचलायचं नाही.