छायाकृतींनी साकारलेला ऑपेरा

ज्या पाश्चात्त्य नाट्यप्रकारात कथा मुख्यतः वाद्यवृंदाच्या साथीने गाऊन सांगितली जाते, त्याला ऑपेरा म्हणतात. हा भव्य प्रकार दहा-अकरा मिनिटांच्या सचेतनपटात, म्हणजे स्थिर आकृती किंचित हलवत एकेक चौकट टिपून घडवलेल्या चित्रपटात, आणण्याचे अवघड काम बर्लिनच्या लोटे राइनिगर (१८९९–१९८१) यांनी केले. बिझे यांच्या ऑपेरावरून त्यांनी १९३३ मध्ये ‘कार्मेन’ केला आणि मोत्सार्ट यांच्या ‘जादूची बासरी’ या १७९१ च्या ऑपेरावरून १९३५ मध्ये ‘पापागेनो’. हे दोन्ही ऑपेरा मुळात गाण्यांच्या अधूनमधून गद्य संवाद असलेले, म्हणून मराठी संगीत नाटकाला रचनेने विशेष जवळचे आहेत.

राइनिगर काळ्या पुठ्ठ्यातून कात्रीने पात्रे कापत, त्यांचे अवयव बारीक तारेने सांध्यांपाशी जोडत आणि खालून उजळलेल्या काचेवर ती मांडून वर बसवलेल्या कॅमेऱ्याने टिपत. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी अशा चोवीस चौकटी लागत. संगीत आधी मुद्रित करून त्याचे मोजमाप घेतले जाई आणि प्रत्येक हालचाल त्या मापात बसवली जाई. या पात्रांच्या चेहऱ्यावर डोळे-ओठांचे भाव दिसत नाहीत, आणि नेमके हेच या चित्रपटांचे बळ आहे, कारण चेहऱ्याने जे सांगायचे ते सुरांकडे सोपवले जाते आणि मान कलण्यासारखी लहानशी हालचालही गाण्याचा अर्थ बोलून दाखवते. कथेच्या बाबतीतही राइनिगर मूळ कृतीच्या दास झाल्या नाहीत. रंगभूमीवर प्रियकराच्या हातून मरणारी कार्मेन त्यांच्या चित्रपटात जिवंत राहते.

महाराष्ट्राला यातले काहीच परके नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्येच ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात काड्यांना चौकटीगणिक हलवून जिवंत केले होते, प्रभात फिल्म कंपनीचा ‘जंबूकाका’ हा व्यंगचित्रपट १९३४ चा, म्हणजे ‘पापागेनो’च्याही आधीचा आहे, आणि कोकणात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० च्या ‘संगीत शाकुंतल’पासून पुढे आलेली नाट्यपदांची परंपराही तितकीच समृद्ध आहे. पदे आणि पिंगुळीची छायाकला एकत्र आणणारा दहा मिनिटांचा एक सचेतनपट मराठी चित्रकर्त्यांनी आता हाती घ्यावा, आणि पहिल्या आकृतीला कात्री लावण्यापूर्वी त्यांनी ‘पापागेनो’ लक्षपूर्वक पाहावा.