बूस्टरने कोणाला, किती तारले?

३० जुलै २०२१. इस्रायलने साठीपुढच्या नागरिकांना कोरोना लशीचा तिसरा डोस, म्हणजे बूस्टर, द्यायला सुरुवात केली. तिथल्या बहुतेक ज्येष्ठांचे दोन डोस वर्षाच्या सुरुवातीलाच झाले होते. तरी विषाणूच्या डेल्टा या प्रकाराच्या लाटेत त्यांच्यातले अनेक जण पुन्हा रुग्णालयात येऊ लागले होते. ऑगस्ट संपेपर्यंत १२ वर्षांवरील सर्वांना बूस्टर खुला झाला. त्याच ऑगस्टच्या ४ तारखेला जागतिक आरोग्य संघटनेने बूस्टर सध्या थांबवा, असे आवाहन केले होते, कारण गरीब देशांत असंख्य लोक पहिल्याच डोसची वाट पाहत होते.

तिसऱ्या डोसचा गुण मात्र लगेच दिसला. डोसनंतर १२ दिवस उलटलेल्या ज्येष्ठांमध्ये, दोनच डोस घेतलेल्यांच्या तुलनेत, संसर्गाचे प्रमाण सुमारे ११ पटींनी आणि गंभीर आजाराचे सुमारे १९ पटींनी कमी होते.

मग ओमायक्रॉन हा नवा प्रकार आला. जानेवारी २०२२ मध्ये इस्रायलने ज्येष्ठांना चौथा डोस दिला. साठीपुढच्या साडेबारा लाख लोकांच्या नोंदींतून दिसले ते असे: डोसनंतरच्या चौथ्या आठवड्यात संसर्गाचे प्रमाण तीन डोसवाल्यांच्या निम्मे होते, आठव्या आठवड्यात फरक जवळजवळ उरला नाही. गंभीर आजार मात्र साडेतीन पटींनी कमी होता आणि सहा आठवड्यांच्या पाहणीत ते संरक्षण ओसरले नाही.

या फरकाचे कारण असे: रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी काही महिन्यांत उतरते आणि बदललेला विषाणू त्यांना चकवतो, म्हणून संसर्ग होतो. पण आजार बळावायला काही दिवस लागतात. तेवढ्या वेळात स्मृतिपेशी आणि टी-पेशी कामाला लागतात.

भारताने १० जानेवारी २०२२ पासून ‘प्रिकॉशन डोस’ या नावाने बूस्टर आरोग्य कर्मचारी, आघाडीवरचे कर्मचारी आणि सहव्याधी असलेल्या ज्येष्ठांपासून सुरू केला. हा क्रम योग्यच होता. मार्च २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही पुन्हा पुन्हा बूस्टर देण्याची शिफारस प्रामुख्याने वृद्ध, गंभीर व्याधीग्रस्त, गर्भवती आणि आरोग्य कर्मचारी यांच्यापुरती ठेवली.

संसर्ग काही आठवडे टळेल, जीव वाचण्याची शक्यता त्याहून जास्त काळ वाढेल, एवढे लोकांना स्वच्छ सांगायला हवे होते. बूस्टर घेऊनही कोरोना झाला, म्हणून लशीवरचा अनेकांचा विश्वास उडाला. तो टिकवता आला असता. पुढच्या साथीत सुदृढ तरुणांच्या तिसऱ्या डोसआधी जगभरातल्या वृद्धांना पहिला डोस मिळाला पाहिजे. या काळातल्या आकड्यांनीच तो क्रम ठरवून दिला आहे.