प्रवासी लॅपटॉप : वजन आणि मोल

आमच्या शाखेचे एक जुने ग्राहक सोलापुरी चादरींचे व्यापारी आहेत. महिन्यातून दोन-तीन वेळा त्यांची हैदराबादची फेरी ठरलेली. अशाच एका फेरीत त्यांची बॅग हरवली आणि तिच्याबरोबर लॅपटॉपही गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्यासमोर येऊन बसले, तेव्हा यंत्राच्या किमतीचा त्यांनी उल्लेखही केला नाही. "साहेब, पार्ट्यांची उधारी, दरपत्रके, सगळे त्यातच होते. नेट बँकिंगचा पासवर्डसुद्धा त्यातच साठवून ठेवला होता," एवढेच ते म्हणाले.

नेट बँकिंग आम्ही तत्काळ बंद केले. सुदैवाने खात्यातील रकमेला धक्का लागला नव्हता. उधारीची यादी मात्र जुनी बिले चाळून आणि एकेका व्यापाऱ्याला दूरध्वनी करून जुळवण्यात त्यांचा महिना गेला. पुढे नवा लॅपटॉप घेताना त्यांनी सल्ला विचारला. अट एकच होती : "हलका हवा, खांदा भरून येतो." त्या निमित्ताने आमचे जे बोलणे झाले, ते इतर प्रवासी ग्राहकांनाही उपयोगी पडेल असे वाटते.

हलकेपणाची किंमत कुठेतरी मोजावी लागते, हे आरंभीच ध्यानात घ्यावे. २००७ साली आलेल्या असुस कंपनीच्या 'ई पीसी ७०१' या छोट्या संगणकाचे वजन एक किलोहून कमी होते. पण पडदा अवघा ७ इंचांचा, साठवण ४ जीबी आणि कळफलक अरुंद. जानेवारी २००८ मध्ये ॲपलने सादर केलेला पहिला 'मॅकबुक एअर' १.३६ किलोचा होता. त्यात सीडी-डीव्हीडीची सोय नव्हती आणि यूएसबीची खाच एकच होती. आज १३ ते १४ इंची पडद्याचे, एक ते सव्वा किलोचे अनेक लॅपटॉप मिळतात. तरीही काय मिळते याबरोबरच काय वगळले आहे, हे दुकानातच पाहून घ्यावे.

वजन करताना केवळ यंत्राचे करू नये. चार्जर, माऊस, जोडण्या आणि पिशवी यांसह सारा भार तराजूवर ठेवावा. देशांतर्गत विमानप्रवासात साधारण वर्गाच्या प्रवाशाला हातातील सामानासाठी बहुधा ७ किलोंचीच मुभा असते. यूएसबी-सी पद्धतीचा पुरेशा क्षमतेचा एकच चार्जर लॅपटॉप व मोबाइल दोहोंना चालला, तर ओझे आपोआप कमी होते.

बॅटरीच्या बाबतीत जाहिरातीतील तासांवर विसंबण्यापेक्षा साधा भागाकार करावा. बॅटरीची क्षमता ५० वॉट-तास असेल आणि कामाच्या वेळी सरासरी ८ वॉट खर्च होत असतील, तर सुमारे सहा तास मिळतील. पडद्याचा उजेड वाढवला की हा हिशेब घटतो. १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी विमानात विशेष परवानगीविना नेता येते. सुटी बॅटरी व पॉवर बँक मात्र हातातील सामानातच ठेवावी लागते.

आपले नित्याचे काम त्या यंत्रावर होते का, हा पुढचा प्रश्न. हिशेब 'टॅली'वर असतील तर विंडोज प्रणालीचा लॅपटॉप सोयीचा. विवरणपत्रांसाठी डिजिटल स्वाक्षरीचे टोकन लागत असेल, तर ते बसेल अशी खाच किंवा जोडणी हवी. अनेक हलक्या लॅपटॉपमध्ये रॅम कायमची बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. म्हणून आरंभीच १६ जीबी घेणे श्रेयस्कर.

खरेदीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. नोंदणीकृत व्यावसायिकाने या कराची वजावट घेतली, तर करभागावर पुन्हा घसारा मागता येत नाही, हे लेखापालाशी बोलून घ्यावे.

सर्वांत महत्त्वाची बाब सुरक्षिततेची. संपूर्ण डिस्क सांकेतिक स्वरूपात ठेवण्याची सोय लॅपटॉपमध्ये आहे का, ते विचारावे. विंडोजच्या 'प्रो' आवृत्तीत 'बिटलॉकर' असते, ॲपलकडे 'फाइलव्हॉल्ट'. ही सोय पहिल्याच दिवशी सुरू करावी आणि तिची पुनर्प्राप्ती-किल्ली लॅपटॉपच्या पिशवीत न ठेवता घरी जपावी. बँकेचे पासवर्ड यंत्रात साठवू नयेत. स्थानकावरच्या मोफत वाय-फायवर बँकेचे व्यवहार टाळावेत. लॅपटॉप हरवल्यास बँकेला व पोलिसांना विनाविलंब कळवावे. खात्यातून पैसे गेल्याचे दिसले, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

आमच्या ग्राहकांनी अखेर सव्वा किलोचा लॅपटॉप घेतला. दुकानात त्याहून हलका एक होता; पण त्यात त्यांचे टोकन बसत नव्हते. आता दर फेरीपूर्वी ते उधारीच्या खात्याची प्रत एका वेगळ्या डिस्कवर उतरवतात आणि ती डिस्क पेढीच्या तिजोरीत ठेवतात. परवा शाखेत आले तेव्हा हसून म्हणाले, "साहेब, आता बॅग हैदराबादला राहिली तरी उधारी सोलापुरातच राहते."