डिसेंबरच्या निकालानंतरचे दोन आठवडे

अमेरिकेतील हायस्कूलच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयीन प्रवेशाचे दोन हंगाम असतात. त्यांपैकी ‘अर्ली’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पहिल्या हंगामाची मुदत बहुतेक ठिकाणी १ किंवा १५ नोव्हेंबरला संपते आणि निकाल साधारणतः डिसेंबरच्या मध्यास लागतात. नियमित अर्ज मात्र जानेवारीच्या आरंभापर्यंत चालतात व त्यांचे निकाल मार्चअखेरपर्यंत हाती येतात. पहिल्या हंगामातील ‘अर्ली डिसिजन’ हा प्रकार बंधनकारक असून तो एका वेळी एकाच संस्थेकडे करता येतो. त्यावर विद्यार्थी, पालक आणि शाळेतील समुपदेशक अशा तिघांच्या सह्या लागतात, आणि प्रवेश मिळाल्यास, आर्थिक मदत अपुरी पडण्याचा अपवाद वगळता, अन्य सर्व अर्ज मागे घ्यावे लागतात. ‘अर्ली अ‍ॅक्शन’मध्ये निकाल लवकर कळतो, पण होकार देण्यासाठी १ मेपर्यंत मोकळीक राहते.

क्रिस्टोफर एव्हरी, अँड्र्यू फेअरबँक्स आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, निवडक संस्थांकडे लवकर अर्ज केल्याचा लाभ ‘एसएटी’ परीक्षेतील सुमारे १०० गुणांच्या वाढीइतका होता. असा लाभ दिसत असल्यामुळेच सतरा वर्षांची मुले ऑक्टोबरातच एका संस्थेवर मन बसवतात आणि ‘हीच संस्था का’ या प्रश्नावर निबंध लिहिताना तेथील प्राध्यापक, प्रयोगशाळा, वसतिगृहे यांत स्वतःला कल्पनेने राहायला पाठवतात. निकालाचा घाव खोल जातो तो यामुळे, कारण ज्या संस्थेने आधी निष्ठा लिहून मागितली, तीच संस्था पुढे कोणतेही कारण न देता नकार कळवते, आणि न सांगितलेले ते कारण मूल स्वतःच्या उणिवांमध्ये शोधू लागते. वास्तविक निवड समिती गुणांच्या उतरत्या क्रमाने यादी करत नसून विषय, प्रदेश, खेळ, कला, संस्थेच्या गरजा अशा अनेक निकषांवर एक संपूर्ण वर्ग जुळवत असते. म्हणून नकारावरून विद्यार्थ्याची योग्यता ठरवणे चुकीचे आहे आणि ही गोष्ट घरातल्या मोठ्यांनी निकालाच्या आधीच स्पष्ट सांगायला हवी.

होकार आणि नकार यांखेरीज ‘डिफर’ हा तिसरा निकाल असतो आणि सोसायला तोच सर्वांत कठीण ठरतो. त्यात अर्ज नियमित हंगामाच्या गठ्ठ्यात ढकलला जातो, बंधन सुटते, पण आशा सुटत नाही, आणि दुःख करावे की वाट पाहावी हे मुलाला ठरवता येत नाही. या काळात करण्याजोगे काम मोजकेच असते: समुपदेशकाकडून पहिल्या सत्राचे गुण पाठवले जातील याची खात्री करणे, आणि संस्थेची मुभा असल्यास आपला रस कायम असल्याचे सांगणारे, नव्या घडामोडींची नोंद देणारे एक छोटे पत्र लिहिणे. हे पत्र निकालाच्या रात्री लिहू नये. त्यात विनवणी उतरते.

खरी अडचण दिनदर्शिकेची आहे. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या आरंभापर्यंत जेमतेम दोन आठवडे मिळतात आणि तेवढ्यात उरलेल्या संस्थांचे निबंध, सत्राच्या परीक्षा आणि नाताळची सुट्टी एकत्र येतात. नुकतेच नाकारलेले मूल त्याच आठवड्यात दुसऱ्या संस्थेला आपली ओढ पटवून देऊ शकेल, अशी अपेक्षा करणे निर्दयपणाचे आहे. त्यामुळे हे निबंध निकालापूर्वीच, निदान कच्च्या स्वरूपात, लिहून ठेवणे हाच त्यावरचा शहाणा उपाय ठरतो. होकार आल्यास ते श्रम वाया जातात, परंतु तो तोटा परवडणारा आहे.

न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातील मराठी घरांत या काळाला आणखी एक पदर असतो. महाराष्ट्रातील केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून अभियांत्रिकीला गेलेल्या पालकांना प्रत्येक फेरीचा जाहीर कटऑफ ठाऊक असतो, म्हणून ‘किती गुण कमी पडले’ हा प्रश्न त्यांच्या तोंडून सहज निघतो. येथे त्याला उत्तर नसते आणि मुलाच्या कानी मात्र तो आरोपासारखा पडतो. निकाल लागण्यापूर्वीच नातेवाइकांना काय आणि कोणी सांगायचे हे आईवडिलांनी ठरवलेले बरे, म्हणजे पुण्या-ठाण्याहून येणाऱ्या आजी-आजोबांच्या फोनवर खुलासा करण्याची वेळ त्या दिवशी मुलावर येत नाही.