खोटा फोन आणि खरा फोन

जत्रेत नाटक करायचे ठरले, म्हणजे महिनाभर आधी शाळेच्या पडवीत तालीम सुरू होते. बाकाचे सिंहासन होते, दोरीवरची चादर पडदा होते. तालमीत सगळे सुरळीत झाले म्हणून जत्रेच्या रात्री होईलच असे नाही. पण तालीमच न करता तोंडाला रंग लावण्याचे धाडस कोणी करीत नाही. मोबाईलवरचे ॲप तयार करणाऱ्याचेही असेच आहे. आणि ॲप म्हणजे आता केवळ शहरातल्या मोठ्या कंपन्यांचे काम राहिलेले नाही, बरे का. वर्गाच्या हजेरीचे, दूध संकलनाच्या हिशेबाचे, पाणीपट्टीचे असे लहानसे ॲप एखादे हौशी गुरुजी किंवा बारावी झालेला मुलगाही करू शकतो. ते करावे कसे, हा निराळा विषय. केल्यावर तपासावे कसे, तेवढेच आज पाहू.

तपासणीत कसूर झाली तर भुर्दंड कोणाला बसतो? समजा, पहाटे साडेपाचला संकलन केंद्रावर लिटर आणि फॅट यांचे आकडे फोनमध्ये भरले, 'जतन करा' हे बटण दाबले, आणि नेमकी तेवढ्यात रेंज गेली. नोंद नाहीशी! ॲप करणाऱ्याच्या टेबलावर रेंज कधी जातच नाही, म्हणून त्याला हे कळत नाही. पैसे बुडतात ते दूध घालणाऱ्या बाईचे.

तर तपासणीची दोन साधने आहेत. पहिले एम्युलेटर, म्हणजे संगणकाच्या पोटात बसवलेला खोटा फोन. पडद्यावर फोनचे चित्र दिसते, पण ते नुसते चित्र नव्हे. आत फोनची सगळी व्यवस्था चालू असते. बोटाऐवजी माउसने दाबायचे, इतकेच. ही कल्पना मोबाईलपेक्षा पुष्कळ जुनी आहे. १९६४ साली आयबीएम कंपनीने सिस्टिम ३६० ही यंत्रमालिका जाहीर केली, तेव्हा गिऱ्हाइकांना धास्ती पडली, की १४०१ या जुन्या यंत्रासाठी लिहून घेतलेले सारे काम आता वाया जाणार. तेव्हा नव्या यंत्रांना जुन्या यंत्राचे सोंग घेता येईल अशी सोय करण्यात आली. त्या सोंगालाच एम्युलेटर म्हणत.

आपल्याकडे बहुतेकांच्या हाती अँड्रॉइडचे फोन असतात, म्हणून त्याचेच सांगतो. अँड्रॉइड स्टुडिओ हे गूगलचे साधन फुकट मिळते. ते संगणकावर घालावे, त्यातले 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावे, फोनचा नमुना निवडावा आणि मग अँड्रॉइडची आवृत्ती उतरवून घ्यावी. एकेक आवृत्ती जागा पुष्कळ खाते, तेव्हा डिस्क आधी मोकळी करावी. संगणकाची मेमरी १६ जीबी असली तर काम सुखाने होते. ८ जीबीवर रखडत रखडत चालते.

नवखा माणूस अडतो तो पुढे. खोटा फोन सुरूच होत नाही, किंवा गोगलगायीसारखा सरकतो. याची कारणे बहुधा दोन. इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर असेल, तर एक्स-८६ जातीची आवृत्तीच घ्यावी. दोघांची भाषा एक असली, की मध्ये दुभाष्या लागत नाही. भाषा निराळी असली, तर एकेका हुकमाचे भाषांतर करत बसावे लागते. दुसरे, प्रोसेसरमधली 'व्हर्च्युअलायझेशन' नावाची सोय कित्येक संगणकांत बंद असते. संगणक सुरू होतानाच बायोसमध्ये शिरून ती चालू करावी लागते.

खोटे फोन दोन करावेत: एक अगदी ताज्या आवृत्तीचा, दुसरा, आपले ॲप ज्या सर्वांत जुन्या आवृत्तीवर चालावे असे वाटते तिचा, आणि तोही लहान पडद्याचा. दोहोंची भाषा मराठी करावी, अक्षरांचा आकार सर्वांत मोठा करावा, आणि मग गंमत पाहावी! इंग्रजीत नीट बसणारे बटण मराठीत वरची वेलांटी नि रफार खाऊन टाकते, खालचा उकार कापला जातो. 'पूर्ण'चा 'पुण' झाला, तर वाचणाऱ्याने काय समजायचे?

शेजारी तीन टिंबांचे एक बटण असते. तिथून सिग्नल कमी करता येतो, जुने संथ 'एज' जाळे लावता येते, बॅटरी उतरवता येते, खोटा फोनकॉलही आणता येतो. एक बारीक गोष्ट मात्र फार जणांचा दिवस खाते. ॲप ज्या सर्व्हरशी बोलते तो त्याच संगणकावर असेल, तर त्याचा पत्ता 'लोकलहोस्ट' असा देऊन चालत नाही. खोट्या फोनला वाटते, लोकलहोस्ट म्हणजे मीच. तिथे १०.०.२.२ हा पत्ता द्यावा.

आयफोनचे काय, असे कोणी विचारील. त्यासाठी ॲपलचाच मॅक संगणक लागतो, आणि त्यावर मिळतो तो सिम्युलेटर. तो अख्ख्या फोनचे सोंग घेत नाही. ॲप मॅकच्याच प्रोसेसरसाठी तयार करून चालवतो. असो.

आता खरा फोन. तो हवाच, कारण खोट्या फोनच्या काचेवर ऊन पडत नाही, त्याला शेणामातीचा ओला अंगठा लागत नाही, त्याची जागा लग्नाच्या व्हिडिओंनी भरत नाही. शिवाय खोट्या फोनच्या मागे दणकट संगणकाचे बळ असते. तिथे पळणारे ॲप २ जीबी मेमरीच्या फोनवर धापा टाकते. काही कंपन्यांचे फोन तर बॅटरी वाचवण्यासाठी मागे चाललेले ॲप परस्पर बंद करतात. हे त्या त्या फोनवरच कळते. म्हणून माझे म्हणणे असे, की नवा महाग फोन घेऊ नये. घरात पडलेला जुना फोन काढावा, तोच खरा परीक्षक.

त्याच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' येथे जावे आणि 'बिल्ड नंबर' या ओळीवर सात वेळा बोट टेकावे. काही फोनांत ही ओळ आणखी आत दडलेली असते. मग 'डेव्हलपर ऑप्शन्स' उघडतात. त्यातले 'यूएसबी डीबगिंग' चालू करावे आणि फोन केबलने संगणकाला जोडावा. केबल नुसती चार्जिंगची असेल, तर काहीच होणार नाही, ती बदलावी. फोन परवानगी विचारतो, ती द्यावी. संगणकावर 'एडीबी डिव्हायसेस' असा हुकूम दिला, की जोडलेल्या फोनांची यादी येते. नावापुढे 'अनऑथराइज्ड' दिसले, तर परवानगी द्यायची राहिली असे समजावे. २०२० साली आलेल्या अँड्रॉइड ११ पासून वायफायवरूनही जोडणी होते.

मग फोनला छळावे! नोंद भरताना मध्येच एअरप्लेन मोड लावावा. मध्येच फोन करावा, पडदा आडवा करावा. 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज' हा पर्याय लावून दुसऱ्या ॲपमध्ये जाऊन परत यावे. भरलेले आकडे जागेवर आहेत का? नसतील, तर ॲपने नोंद आधी फोनमध्येच लिहावी आणि रेंज आली की पाठवावी, अशी दुरुस्ती करावी. त्यानंतर तो फोन ॲप कधी न पाहिलेल्या माणसाच्या हाती द्यावा, आणि आपण गप्प बसावे. ''इथं दाबा, काकू'' असे म्हणायचे नाही. काकूंचे बोट जिथे घुटमळले, ती जागा वहीत टिपावी. सोबत फोनचा नमुना, अँड्रॉइडची आवृत्ती, काय केले आणि काय झाले, हेही लिहावे.

तपासणीत मुलांची खरी नावे घालू नयेत, बनावट घालावीत. फोन दुसऱ्याचा असेल, तर काम संपताच डेव्हलपर ऑप्शन्स बंद करून द्यावेत. ते चालू असले, तर बँकांची काही ॲप उघडतच नाहीत, आणि डीबगिंग चालू असलेला फोन परक्या संगणकाला जोडणे धोक्याचे असते. आणि जुन्या फोनची पाठ फुगलेली दिसली, तर बॅटरी बिघडली आहे. तो चार्जिंगला लावूच नये, बाजूला ठेवावा.